स्वल्प अड्जस्ट माड्री

बेळगाव भागात भाषेवरनं भांडायला माणसं अर्ध्या रात्री उठून येतील, पण अड्जस्ट हा शब्द मराठी का कन्नड म्हणून आजवर कुणी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही. तिकडनं "स्वल्प अड्जस्ट माड्री", इकडनं "जरा अड्जस्ट करा की वो", अर्थ एकच, उठू नका पण आकसा.

कशालाही चालतो हा. टेलरनं ब्लाऊज घट्ट शिवला, "घालून घालून अड्जस्ट हुतंय बघा". दुकानात सुट्टे नाहीत, गोळी घ्या आणि अड्जस्ट करा. दोन पक्ष आतनं मिळाले की पेपरवाले पण 'अड्जस्टमेंट राजकारण' असंच छापतात. सीमेचं तेवढं होईना. महाजन आयोगानं 1967 साली निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि अक्कलकोट कर्नाटकाला असं सांगून बघितलं, महाराष्ट्रानं नको म्हटलं, 2004 पासनं केस सुप्रीम कोर्टात. त्या आयोगात संकेश्वरची एखादी मावशी पाहिजे होती.

का ते सांगतो. निपाणी-बेळगाव बस, तिघांच्या सीटवर आम्ही तिघं, मी कडेला. संकेश्वरला मावशी चढल्या, कमरेवर मिरचीचं गठुळं. "मला बस लागतीया, खिडकीकडं सरकूद्या रे बाळांनो, अड्जस्ट करा" म्हणत म्हणत त्या आमच्या गुडघ्यांवरनं आत पोचल्या पण, परवानगी वगैरे भानगडच नाही. मग प्रत्येक खड्ड्याला मावशी एक बोट रुंद आणि मी एक बोट बाहेर. गठुळं माझ्या पायावर. संकेश्वरी मिरची दिसायला बारीक, पण यमकनमर्डीपर्यंत आम्ही सगळे शिंकालोय, आणि एकाच सीटवर चौघं असले की एक शिंकला तरी चौघं हलतात. वंटमुरी घाटात मी सीटवर फक्त एका अंगानं होतो, दुसरं अंग कंडक्टरच्या येण्याजाण्याच्या वाटेत.

पुण्याचा भाचा म्हणतो, मामा, अड्जस्ट आरशाला करतात, पट्ट्याला करतात, माणसांनी सरकायला तो शब्द नाही. त्याची जिरवायची म्हणून मुळाशी गेलो तर कहरच निघाला की! लॅटिनमध्ये 'युक्स्ता' म्हणजे जवळ, लागून. त्यावरनं पुढच्या काळातल्या लॅटिनात जवळ आणणे या अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं, आणि तिथं लोकांना वाटलं की हा शब्द 'युस्तुस' म्हणजे न्याय्य, बरोबर, त्याच्यावरनं आला असणार, म्हणून स्पेलिंगही तिकडं झुकलं आणि अर्थ पण नीट करणे, बरोबर बसवणे असा झाला, आणि इंग्रजांनी तोच उचलला. म्हणजे आरसा न् पट्टा ही नंतरची थेरं, मूळचा अर्थ खेटणे, आणि तो आजपर्यंत जपलाय तो मावशींनी! त्यात आणि 'युक्स्ता'चं मूळ जोडणे या धातूत, संस्कृतातलं युग त्याच घराण्यातलं, त्यातनंच आपलं बैलाच्या मानेवरचं जू. आम्ही चौघं शास्त्रानुसार एका जुवाला.

एवढं सगळं मी शेजारच्या मामांना सांगितलं, ज्यांची खिडकी गेली होती त्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा शिंकले.

"ते सगळं असूदे वो," म्हणाले, "तुम्ही माझ्या रुमालावर बसलाय."