‘गावात उजेडच उजेड, झूमवाला घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळी उलटली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांच्या तारखा लागतात आणि कॅमेऱ्यांची चौकशी सुरू होते. धान विकून हातात थोडा पैसा आलेला असतो, मंडई म्हणजे गावची जत्रा आणि पट म्हणजे बैलांच्या शर्यती तोंडावर असतात आणि घरातल्या एखाद्या पोराला यंदा तरी कॅमेरा हवाच असतो. नेमका याच दिवसांत एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: कॅननचे खिशात मावणारे दोन कॅमेरे आहेत, पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस आणि पॉवरशॉट जी७ एक्स मार्क २. दोन्ही २० मेगापिक्सेलचे, तेव्हा फोटो सारखाच. एसएक्सला ४० पट झूम, जी७ एक्सला जेमतेम ४ पट. एसएक्समध्ये ४के व्हिडिओ, जी७ एक्समध्ये नाही. जी७ एक्सचा मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली पट्टी, हे शहरातल्या हौशी लोकांचं खूळ, गावात उजेडच उजेड असतो, तिथे त्याचं काय काम? म्हणून डोळे मिटून एसएक्स घ्या. आणि एवढंही जमत नसेल तर मोबाइल आहेच.

माझं तालुक्याच्या गावी फोटोचं दुकान आहे. कॅमेरे मी विकत नाही, त्यामुळे कुणी कोणता घेतला यात माझा नफा नाही की तोटा नाही. पण घेतल्यानंतर फोटो छापायला माणूस माझ्याकडेच येतो, आणि नाटकाच्या रात्रीचे काळपट, रवाळ फोटो काउंटरवर ठेवून ‘जरा साफ करून द्या ना भाऊ’ म्हणतो. ते साफ होत नसतात. म्हणून हे लिहितोय.

मेगापिक्सेलचा मुद्दा आधी. दोन्ही कॅमेरे २० मेगापिक्सेलचे आहेत, म्हणजे फोटोत साधारण दोन कोटी बिंदू, हे खरं. पण ते २० मेगापिक्सेल बसवलेत कशावर? जी७ एक्सचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. एसएक्सचा साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढा, चौपटीचा फरक निघतो. धानाच्या एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यात, जेवढी रोपं लावली तेवढीच चार बांध्यांत लावली, तर कोणत्या रोपाला जास्त ऊन-पाणी मिळेल हे रोवणी करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. पिक्सेलचंही तेच. संख्या सारखी, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाश सारखा नाही. शिवाय हे २० मेगापिक्सेल लागतात किती जणांना? लग्नाच्या अल्बममधलं १२ बाय १८ इंचांचं पान चांगल्या दर्जाने छापायला ते पुरतात, हे मी छापून सांगतो. बाकीचे फोटो जातात व्हॉट्सॲपवर, आणि तिथे साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलांच्या आसपास येते, म्हणजे २ मेगापिक्सेलसुद्धा धड नाही. मेगापिक्सेलवरून कॅमेरा निवडा म्हणणारा मेसेज त्याच व्हॉट्सॲपवर फिरतो, ही गंमतच.

आता उजेडाचं. मेसेजातलं सगळ्यात चुकीचं वाक्य हेच आहे, आणि सगळ्यात जास्त पटणारंही हेच. विदर्भात ऊन आहे, कबूल. एप्रिल-मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो. पण त्या उन्हात फोटो काढतंय कोण? भर दुपारी माणूस घरात असतो, बैल सावलीला असतो. गावात ज्या वेळचे फोटो लोकांना हवे असतात ती वेळ बघा. लग्न गोरज मुहूर्तावर. पोळा पिठोरी अमावास्येचा, म्हणजे पावसाळी आभाळ, आणि तोरण सुटता सुटता दिवस कलायला आलेला. घरातली पूजा मातीच्या भिंतींच्या अंधाऱ्या खोलीत, एका बल्बखाली. आणि नाटक? झाडीपट्टीचं नाटक रात्रीची जेवणं आटोपून सुरू होतं आणि कोंबडा आरवायला संपतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हिवाळाभर हे चालतं, वडसा म्हणजे देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव फिरतात. हौसेने कॅमेरा घेणारा पोरगा पहिला फोटो काढतो तो या नाटकाचाच, कारण बरेचदा त्याचा काका नाहीतर गावचा पाटीलच ते भरवत असतो.

त्या रंगमंचावर काय होतं ते आकड्यांत सांगतो. झूम न करता, म्हणजे सगळ्यात रुंद बाजूला, जी७ एक्सचं भिंग एफ १.८ पर्यंत उघडतं आणि एसएक्सचं एफ ३.३ पर्यंत. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. निव्वळ भिंगाच्या उघडण्यात तिपटीहून जास्त फरक. त्याला सेन्सरच्या चौपटीने गुणा. शटर तेवढाच वेळ उघडं ठेवलं तर जी७ एक्सला तेरा-चौदा पट प्रकाश मिळतो. एवढा फरक डोळ्याला दिसतो, त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. झूम केल्यावर तर आणखी पंचाईत. जी७ एक्स त्याच्या शेवटच्या टोकाला एफ २.८ वर थांबतो, एसएक्स त्याच्या टोकाला एफ ६.९ वर जातो, म्हणजे भिंगातून येणारा प्रकाश सहापट कमी. रंगमंचावर जिथे जी७ एक्सला सेकंदाचा २५०वा भाग शटर मिळतो, तिथे पूर्ण झूमवरच्या एसएक्सला ४०वा भाग. नायिका नुसती मान वळवते तेवढ्यात चेहरा पुसला जातो. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझर आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. पण स्टॅबिलायझर आपला हात धरतो, नटाचा नाही. फ्लॅशचंही नाव काढू नका. त्या इवल्याशा फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटरच्या पुढे कामाचा राहत नाही, रंगमंचावर पोचत नाही, आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांची टोपी तेवढी पांढरीफटक येते.

‘झूम नाही त कॅमेरा काहाचा जी?’ हा प्रश्न मला दुकानात हमखास येतो. नाटकापुरतं उत्तर सोपं आहे. जी७ एक्सचं भिंग १०० मिलिमीटरपर्यंत जातं. हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. आठ मीटरवरून तेवढ्या झूमवर आडव्या फ्रेमची उंची साधारण १.९ मीटर भरते, म्हणजे उभा नट डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतो. मंडपात पुढे बाजूला बसायला मिळालं की झालं, आणि फोटो काढणाऱ्याला तिथे कुणी बसू देत नाही असं आमच्याकडे तरी होत नाही.

पण झूमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण काही कामांना तो खरंच लागतो आणि तिथे जी७ एक्स निरुपयोगी आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या काठी. उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा पक्षी, पण जवळ जाऊ देत नाही, आणि अंडी असतील तेव्हा आपणही जाऊ नये. समजा तो शंभर मीटरवर आहे. जी७ एक्सच्या पूर्ण झूमवर फ्रेमची उंची तिथे २४ मीटर भरते. त्यात सारस म्हणजे चौदावा-पंधरावा हिस्सा, हिरव्या धानात एक करडी काडी. एसएक्स ९६० मिलिमीटरपर्यंत जातो, तिथे फ्रेम अडीच मीटरची होते आणि डोक्याचा लाल रंग वेगळा दिसतो. नवेगावबांधला पाणपक्षी बघायला जाणाऱ्याने, ताडोब्याच्या वेशीवरच्या गावात राहून वाटाड्याचं काम करणाऱ्या पोराने एसएक्सच घ्यावा. हिवाळ्याच्या सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन, त्याचे फोटो बरे येतात. शंकरपटालाही तो चालतो. भर उन्हात एफ ६.९ वर आयएसओ २०० ठेवला, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमीच ठेवली, तरी सेकंदाचा हजारावा भाग मिळतो, आणि सुटलेली जोडी धुरळ्यासकट जागच्या जागी गोठते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बैलांच्या शर्यतींचे कायदे वैध ठरवल्यापासून पट पुन्हा जोरात भरताहेत, तेव्हा हे काम कमी नाही.

तरीही ४० पटीचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पूर्ण झूमवर एसएक्सच्या भिंगाचं छिद्र झूमच्या लांबीच्या मानाने इतकं बारीक असतं की प्रकाश पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. हा ठिपका साधारण ९ मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल १.२ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर सांडतो. त्या टोकाला २० मेगापिक्सेल फक्त फाइलच्या आकारात असतात, फोटोत नसतात. हा कॅमेऱ्याचा दोष नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडची हवा. मार्चनंतर सकाळी दहा वाजले की शेतावरची हवा तापून थरथरते. दूरचं झाड नुसत्या डोळ्यालाही हलताना दिसतं, मग ९६० मिलिमीटरवर काय होणार? त्या थरथरीला महागातलं महाग भिंगही उपाय नाही. जवळ जाणं किंवा सकाळी लवकर उठणं, एवढंच.

एका गोष्टीचा मेसेजात उल्लेखच नाही, आणि ती एसएक्सच्या बाजूची आहे. रुंद बाजूला तो एक सेंटिमीटरवरून फोकस करतो, जी७ एक्सला पाच सेंटिमीटर लागतात. कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी किंवा धानावरचा तुडतुडा कृषी सहायकाला दाखवायचा असेल तर हा फरक मोठा. छोट्या सेन्सरमुळे अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत स्पष्टही येते. फक्त इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची सावली बोंडावर पडते, म्हणून बोंड फोडून उन्हाकडे तिरपं धरावं लागतं. शेतीच्या कामाला कॅमेरा मागणाऱ्याला मी जी७ एक्स सुचवत नाही.

४के व्हिडिओबद्दल फार बोलायची गरज नाही. एसएक्समध्ये तो आहे, जी७ एक्समध्ये १०८०पर्यंतच, म्हणजे फुल एचडीच. पण दोघांतही बाहेरचा माइक जोडायची सोय नाही, आणि दोघंही एका दमात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करत नाहीत. चार-पाच तासांचं नाटक आणि त्यात भोंग्यातून येणारा फाटका आवाज. चित्र कितीही के असो, नाटकाचा व्हिडिओ या कॅमेऱ्यांवर करू नये.

मोठ्या सेन्सरबरोबर येणारी एक गोष्ट मेसेजवाल्याला खूळ वाटली असणार, ती म्हणजे रॉ फाइल, सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती. जी७ एक्स रॉ काढतो, एसएक्स फक्त जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेला फोटो. रोजच्या फोटोंना रॉ लागत नाही, हे मीही म्हणतो. पण आजकाल रंगमंचावर सगळे एलईडी दिवे. जांभळ्या-लाल उजेडात नटाचा चेहरा वांग्यासारखा येतो. रॉ असेल तर त्वचेचा रंग बराचसा परत आणता येतो, जेपीईजीत तो गेलेलाच असतो.

राहिला मोबाइल. दिवसाउजेडी, जवळच्या माणसांच्या फोटोंना चांगला मोबाइल या दोन्ही कॅमेऱ्यांना पुरून उरतो, यात वाद नाही. पण मोबाइलच्या जाहिरातीतला शंभर पट झूम हा बहुतांशी कापून मोठं केलेलं चित्र असतो, सारसाच्या जागी रंगवलेला बगळा दिसतो. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल चालत नाही, कॅमेरा चालतो. आणि रात्रभराच्या नाटकात मोबाइलची बॅटरी फोटोंत संपवली तर पहाटे घरी फोन कशावरून लावणार?

बॅटरीवरून आठवलं. या दोन्ही कॅमेऱ्यांना एकच बॅटरी लागते, एनबी-१३एल, आणि कंपनीच्या मोजणीप्रमाणे दोघांतही एका चार्जला २६५ फोटो. म्हणजे त्या बाबतीत निवडायचं काही नाही. कोणताही घ्या, जादा बॅटरी घ्याच, आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. दोन्ही कॅमेरे धुळीला सारखेच कच्चे आहेत. भिंग आत-बाहेर सरकतं, पटाचा धुरळा त्याच्या कडेत बसला की कॅमेरा करकरतो आणि एक दिवस भिंग बाहेरच अडकून राहतं. पटावर जाताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, फोटो काढायच्या वेळीच चालू करा.

किमतीबाबत एवढंच, की गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये छोट्या कॅमेऱ्यांची हौस पुन्हा आली आणि जी७ एक्सचे भाव त्यामुळे चढले. जुना घ्यायला बहुतेक जण नागपूर गाठतात. तिथे दुकानदार दारात उभं करून रस्त्यावरचा फोटो काढायला लावतो. तो छानच येतो, दोन्ही कॅमेऱ्यांचा येतो. आपलं मेमरी कार्ड सोबत न्या. दुकानाच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात जा, फ्लॅश बंद करा, सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगून चार फोटो काढा. मग बाहेर येऊन पूर्ण झूमवर समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर टिपा. भिंग पाच-सहा वेळा आत-बाहेर करून कानाजवळ धरा, करकर ऐकू आली तर तो कॅमेरा परत ठेवा. कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर बघा आणि पैसे दुसऱ्या फेरीला द्या.