काचेची पेटी आणि आजीचा कापूस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज दोन दिवसांत माहेरच्या ग्रुपवरही पोचला. मजकूर थोडक्यात असा: 'नवजात बाळांचे डॉक्टर म्हणजे बिल वाढवायचा धंदा. आमच्या आज्यांनी सातमाशी पोरं कापसात गुंडाळून वाढवली, यांना काचेची पेटी लागते. संशोधन परदेशात होतं, हे नुसतं उतरवून काढतात. बाळाला मध चाटवा, चीक टाकून द्या.'

आधी कापूस. बाळाला ऊब लागते हे आज्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण जगली ती पोरं गोष्ट सांगायला उरली. पाचवीच्या आत गेली त्यांचं बारसंही झालं नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार? सातमाशी बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पुरेसा नसतो, त्यामुळे श्वास सोडला की आतले वायुकोश मिटतात. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींचा पाचेक आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांत गेला. तिथे कापसाची काय कथा! हा पदार्थ बाहेरून देऊन बाळं वाचतात, हे जपानच्या डॉ. फुजिवारांनी १९८० मध्ये दाखवलं.

आता पेटी. गंमत अशी, की बाळाला पेटीतून बाहेर काढा हे सांगणारेही हेच डॉक्टर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटात पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. पुढे भारतासह पाच देशांत मोठी चाचणी झाली. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं उराशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने घटतात, असा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. जास्त ऑक्सिजनने अपुऱ्या दिवसांची बाळं आंधळी होऊ शकतात, हेही याच मंडळींनी पन्नासच्या दशकात स्वतःची चूक तपासून शोधलं. (दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो. कुणी सांगितलं नाही, तर स्वतः विचारा.)

आणि परदेश? मध्य रेल्वेने सायनला उतरा. तिथल्या महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, गोठवून ठेवायचं आणि ज्या बाळाच्या आईला अजून पान्हा फुटलेला नाही त्याला द्यायचं. वरच्या दुधापेक्षा या दुधावर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी सडण्याचा धोका कमी असतो. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळं तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला; १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरोघरी बाळाचं वजन करतात, त्याचं मूळ इथे आहे. मग कोणी कोणाचं उतरवलं?

बिलाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षापायी घरं गहाण पडतात. त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, हे त्या मेसेजमध्ये कुठे होतं?

राहिला मध. वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. आणि चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, टाकायचा नसतो, तो पहिल्या तासातच पाजायचा असतो.