धुळीचा कण तोच राहतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ताऱ्यांतून निघालेली तीच धूळ पुढे ग्रहांत जाते असं मी लिहिलं, आणि सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, धक्क्यात ती नष्ट होते असंही लिहिलं, मग दोन्ही खरं कसं? शिवाय अवकाशात कण वाढतात हा निव्वळ अंदाज आहे, असंही तुमचं म्हणणं.

पहिला मुद्दा मान्य. 'तीच धूळ' असं मी लिहायला नको होतं. म्हाताऱ्या ताऱ्यांभोवती सिलिकेटचे (म्हणजे दगडी खनिजांचे) आणि कार्बनचे कण तयार होतात, पण पुढे धक्कालहरी त्यांचा चुरा करतात. हा नाश भरून काढायला ताऱ्यांकडून येणारी नवी धूळ पुरत नाही, असं गणित सांगतं. तरीही आकाशगंगेत वायूच्या सुमारे 1 टक्का वस्तुमानाची धूळ आहेच. म्हणजे ती वाटेतल्या थंड, दाट ढगांत पुन्हा वाढत असली पाहिजे.

पण हा नुसता अंदाज नाही. बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात, म्हणून धुळीआडचा तारा लालसर दिसतो. दाट ढगांत हा लालसरपणा अडलेल्या प्रकाशाच्या मानाने कमी भरतो, कारण बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे झालेले असतात. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला तर काही काळ्या ढगांचे गाभे 3.6 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त प्रकाशात चक्क उजळ दिसले. एवढ्या लांबीच्या लहरी विखुरायला मायक्रॉनभर आकाराचे कण लागतात. एरवीचे कण बहुतेक पाव मायक्रॉनच्या आतले.

मला स्वतःला सगळ्यांत पटतो तो बर्फाचा पुरावा. भुजंगधारी तारकासमूहातला बार्नार्ड 68 हा ढग घ्या. मध्याकडे जावं तसा वायू दाट होत जातो, पण कार्बन मोनॉक्साइडचा रेडिओ संकेत तिथे वाढायच्या ऐवजी घटतो. तापमान 10 केल्विनच्या (उणे 263 अंश सेल्सिअसच्या) आसपास. म्हणजे हे रेणू धुळीच्या कणांवर गोठून बर्फाचा थर होऊन बसलेत. त्याच थरात कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन जोडला जाऊन मिथेनॉल (एक साधं अल्कोहोल) बनतं. पुढे शेजारी तारा तापू लागला की बर्फाची वाफ होते आणि हे मिथेनॉल वायूत सापडतं. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघामागच्या ढगात ते भरपूर दिसलं आहे.

थोडे कण मात्र खरंच जसेच्या तसे पोचतात. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत सिलिकॉन कार्बाइडचे सूर्याहून जुने कण मिळाले. माझं वाक्य तेवढ्या कणांपुरतंच खरं होतं, आणि मूळ लेखात आता तशी दुरुस्ती केली आहे.