मागच्या सीटवरचा मामा

लायसन आरटीओतून मिळतं, पण आमच्या इंदूरात गाडी शिकवतो तो पडदा. १९९१ साली अजय देवगण दोन मोटारसायकलींवर एकेक पाय ठेवून पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि रामबागेतल्या आमच्या वाड्यात एका वीराने तोच प्रयोग काकांची लुना आणि दूधवाल्याची सायकल यांच्यावर करून पाहिला. दूध सांडलं, वीर टाके घालून घरी आला. पण तेव्हा सिनेमा थेटरातून उतरला की अंगातलं वारंही उतरायचं.

हल्लीचं वारं घरातच मुक्कामाला असतं. माझा भाचा ‘जीटीए व्हाइस सिटी’वर वाढला. खेळ २००२ चा, भाच्याहून वडील, पण जुन्या लॅपटॉपवर मुकाट चालतो. त्यातलं कायदेशास्त्र मीही ऐकून घेतलंय. पोलीस मागे लागले तर रंगाच्या दुकानात गाडी घालायची. रंग बदलला की ते ओळखच विसरतात. मेलात तर शंभर डॉलर कापून दवाखान्याच्या दारात पुन्हा ठणठणीत उभे! इथे तेवढ्यात फार तर एमआरआय होते.

असा हा भाचा मला हौसेने सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊ घालायला नेतो. त्याच्या मोटारसायकलची मागची सीट इतकी चढती, की बसणारा आपोआप पुढच्याच्या पाठीवर घसरतो. महू नाक्यावर सिग्नल लाल. आकडे उलटे उतरू लागतात आणि हा अ‍ॅक्सिलरेटर पिळू लागतो. त्याच्या लेखी शर्यत सुरू व्हायचीय.

“मामा, धरून बसा.”

काय धरू? मागची दांडी त्याने काढून टाकलीय, लुक बिघडतो म्हणे. जवाहर मार्गावर ई-रिक्षा, गाय आणि निम्मी वरात यांच्यामधून आम्ही लेव्हल पार करतो. एक रिक्षावाला ओरडतो, “क्यों भिया, पिच्चर चल रई हे क्या?” भाच्याला ती दाद वाटते.

माझं मत विचाराल तर खोट वेगात नाही, भूमिकावाटपात आहे. पाठलागात नायक निसटतो, कारण केळ्यांची गाडी उलटवून घ्यायला कुणीतरी तयार असतो. आमच्याकडे सगळेच नायक. केळीवालासुद्धा उलट्या बाजूने एंट्री घेतो. हायकोर्ट चौकात एक वाहतूक पोलीस मूनवॉक करत गाड्या आवरायचा, त्याचं बाहेरगावच्यांना केवढं नवल! सिग्नल न दिसणाऱ्या लोकांपुढे बिचारा नाचणार नाही तर काय करणार?

चलन माझ्या मोबाइलवर येतं, कारण गाडी माझ्या नावावर. कॅमेऱ्याला रंगाशी घेणंदेणं नाही, तो नंबर वाचतो. सोबत फोटो: भाचा हँडलवर झुकलेला, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. मागे मी, डोळे मिटलेले, तोंड उघडं, दोन्ही मुठींत त्याचा शर्ट. ताईने चष्मा लावून फोटो न्याहाळला.

“अरे, तू गात होतास का?”