पट्टा १९ दाखवतो, हाताने मोजले तर २४: दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. पण तुमचा रिव्ह्यू वाचून दुकानात येणारे तेच विचारायला लागलेत, म्हणून उत्तर इथेच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भाड्याने नेलेला छातीचा पट्टा बाबांचे श्वास मिनिटाला १९ दाखवत होता, तुम्ही मोजले तर २४ भरले, त्यांचं मनगटी घड्याळ १६ म्हणतं. चालताना पट्टा आकड्याऐवजी नुसत्या रेघा दाखवतो. वर आम्ही डिपॉझिटमधून पट्ट्याचे पैसे कापले.

आधी २४ चं बघू. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, असं तुम्हीच लिहिलंय. या हिशोबात २० येतील नाहीतर २४, पण १९ कधी येणारच नाहीत. एक श्वास अलीकडे-पलीकडे झाला की थेट चारचा फरक पडतो. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट मोजा, आणि बाबांना सांगून मोजू नका. कळलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. मुरलेल्या सिस्टर नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवतात आणि नजर छातीवर, ते उगीच नाही.

हा फरक मी किरकोळ समजत नाही. रुग्णाची तब्येत किती बिघडतेय हे गुणांनी ठरवणारा ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा २०१७ चा जो तक्ता आहे, त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ना दोन आणि २५ पासून पुढे तीन, म्हणजे सर्वांत धोक्याचे. तेव्हा १९ की २४, हे नक्की कळायलाच हवं.

पट्ट्यात नागमोडी शिवलेली तार असते. छाती फुगली की ती ताणते, उतरली की सैल पडते, आणि पुढची छोटी डबी हे चढउतार मोजते. तुमच्याकडून पट्टा परत आला तेव्हा बकल पार टोकाला, सगळ्यांत सैल जागी होतं. इतका सैल पट्टा उथळ श्वास पकडत नाही. म्हणजे तुमचे २४ कदाचित जास्त असतील, तसे आमचे १९ सुद्धा कमी असू शकतात. बगलेखालून, दोन बोटं जेमतेम आत जातील इतका घट्ट बांधायचा.

चालताना पावलांचे धक्के त्याच तारेला बसतात, आणि बोलताना श्वासाची लयच राहत नाही. अशा वेळी ही डबी रेघा दाखवते, ती बनवलीच आहे तशी. ठोकून काहीतरी आकडा दाखवणारी यंत्रंही मिळतात. मी ती दुकानात ठेवत नाही.

घड्याळाचं गणित वेगळं. ते त्वचेवर प्रकाश टाकून नाडी बघतं. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना संथ, त्यावरून ते अंदाज बांधतं. वय वाढलं की हा फरक पुसट होतो, आणि ठोकेच अनियमित असतील तर त्या अंदाजावर फार विसंबू नये. (बाबांच्या तब्येतीचं इथे चारचौघांत लिहीत नाही.) शिवाय बहुतेक घड्याळं हा आकडा झोपेतला देतात. रात्रीचे १६ आणि दुपारी जागेपणीचे १९ यांची तुलना कशी करणार?

डिपॉझिटचं म्हणाल तर डबीचे पैसे त्याच दिवशी परत दिलेत. कापडी पट्टा एकाच्या घामाला लागला की आम्ही दुसऱ्याला देत नाही. पावतीवर तसं लिहिलंय आणि ते बदलणार नाही.

आमचा मुलगा घरी येऊन नवा पट्टा बसवून देईल, भेटीचे पैसे नाहीत. बाबा निवांत बसलेले असताना त्याच्यासोबत तुम्हीही पूर्ण मिनिट मोजा, आणि जो आकडा येईल तो इथे लिहा. तोवर बसल्या जागी मिनिटाला २५ भरले, बोलताना धाप लागून वाक्य तुटायला लागलं किंवा ओठ निळसर दिसले, तर आमची वाट बघू नका, थेट डॉक्टरांना फोन करा.