बिल मी देणार

आमच्या घरात जावयानं हॉटेलचं बिल दिलं तर घरादाराची मान खाली जाते. आबांनी हयातभर एकच नियम पाळला. दाजी बरोबर असले की दाजींचा हात खिशापर्यंत पोचता कामा नये. शेवटचा घास तोंडात असतानाच आबा "हात धुवून येतो" म्हणून उठायचे आणि बेसिनच्या वाटेवर गल्ल्यावर पैसे ठेवून यायचे. परत आले की हात कोरडे ठणठणीत. कोरडे हात दिसले की आम्ही समजायचो, बिल गेलं. आबा गेले आणि नियम माझ्याकडे आला. हातचलाखी तेवढी आली नाही.

कोल्हापुरात बिल देणं म्हणजे निकाली कुस्ती. खासबागेत दोन पैलवान भिडावेत तसे दोन भले संसारी गृहस्थ गल्ल्यासमोर भिडतात. मनगट धरणं, खांद्यानं रेटणं, समोरच्याची नोट त्याच्याच खिशात परत कोंबणं, हे सगळे मान्य डाव. मालक पंच. त्यालाही दम मिळतो, "त्यांचं पैसं घेतलंस तर परत तुझ्यात पाय ठेवणार न्हाई, सांगून ठेवतो." मालक मुरलेला असतो. ज्याच्याकडे सुट्टे दिसतील त्याला तो विजयी घोषित करतो.

आणि हेच ते गाव, ज्यानं टोल दिला नाही. प्रा. एन. डी. पाटलांच्या मागे म्हातारीकोतारीसुद्धा रस्त्यावर उतरली होती. २०१५ सरता सरता सरकारनं टोल रद्द केला तेव्हाच गाव गप्प बसलं. त्यातल्या एका मोर्चात मी आणि दाजी खांद्याला खांदा लावून घसा बसेपर्यंत "देणार नाही, देणार नाही" ओरडलो होतो. मोर्चा संपला, चहाच्या गाड्यावर आलो आणि तिथं दहा मिनिटं "मी देणार, मी देणार" सुरू झालं. मोर्चा संपलाय की पुढं चालू आहे, हे त्या गाडेवाल्याला कळेना.

एवढं वाचून कुणाचा समज होईल की माझा हात फार सैल आहे. तर सोमवारी सकाळी लक्ष्मीपुरीच्या मंडईत या. पंधराची कोथिंबिरीची पेंडी दहाला मागणारा, ती मिळाल्यावर वर कढीपत्ता मागणारा आणि कढीपत्ता मिळाला की मिरच्यांकडे आशेनं बघणारा जो इसम दिसेल, तो मीच. गेल्या महिन्यात एक मावशी म्हणाल्या, "साहेब, मोटरीतनं आलाईसा आन् पाच रुपयाला रडालाईसा व्हय?" मी रडत नव्हतो. आदल्या दिवशी उडवलेले पैसे पाच-पाच रुपयांनी वसूल करत होतो. मोटारही दोन गल्ल्या सोडून लावली होती, कारण पार्किंगला पैसे पडतात.

माझ्या पाकिटातही जातिव्यवस्था आहे. कोऱ्या नोटा आतल्या कप्प्यात, त्यांना वारा लागू द्यायचा नाही. मळक्या पुढे. चिकटपट्टी लावलेली असेल तर दोन धडधाकट नोटांच्या मध्ये, अंधार पडल्यावर. दहाचं नाणं कुणी नाकारलं की मात्र मी पेटतो. चौदाही प्रकारची नाणी चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलंय, आणि ते मला संध्या पाठ असावी तसं पाठ आहे. एका रिक्षावाल्याला मी ते सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुमीच ठेवा की."

तर गेल्या महिन्यातला तो रविवार. ताई-दाजी आणि भाचा आले होते. आम्ही तिघं धरून सहाजण पेठेतल्या नेहमीच्या मिसळवाल्याकडे गेलो. सहा मिसळी, दोन ताक, सहा चहा. ब्रेडचे स्लाइस आणि कट किती वेळा मागितला ते मोजायचं नसतं. बिल झालं सहाशे चाळीस.

पूर्वी निदान शरीराचा उपयोग व्हायचा. आता फोन. कुस्ती गेली आणि नेमबाजी आली. दाजी बसल्या जागेवरून भिंतीवरचा तो चौकटीचा चौकोन टिपतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आबांचं स्मरण करून "हात धुवून येतो" म्हणालो आणि गल्ल्यावर पोचलो. फोन काढला. चष्मा टेबलावर राहिला होता. पिन टाकला, चुकला. परत टाकला. पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तेवढ्यात गल्ल्यावरचं ते बोलकं डबडं भर हॉटेलात खणखणीत आवाजात ओरडलं, सहाशे चाळीस रुपये मिळाले.

मी सुटकेचा श्वास सोडला. मागं वळून बघितलं तर दाजी मिशीत हसत फोन खिशात घालत होते.

जावयाच्या पैशानं मिसळ! घशाखाली गेलेली तर्री परत वर आली. मी काही बोलणार, एवढ्यात माझ्या फोनवरचं चक्र थांबलं आणि डबडं दुसऱ्यांदा ओरडलं, सहाशे चाळीस रुपये मिळाले.

मालक भला माणूस. त्यानं गल्ल्यातून रोख सहाशे चाळीस काढून पुढं धरले. "कुणाचं परत करू?"

"त्यांचं," मी म्हणालो.

"त्यांचं," दाजी म्हणाले.

"दाजी, तुम्ही पाहुणे."

"मी पाव्हणा व्हय? वीस वर्षं झाली की लग्नाला. आता कसला पाव्हणा?"

मागं रांग लागली. एक तरुण पोरगा म्हणाला, "काका, मला द्या, मी मिटवतो." ताई आणि आमची ही दोघी बाहेर सावलीत उभ्या राहून आमच्याकडे अशा बघत होत्या, जशा बायका रस्त्यात शिंगं अडकलेल्या बैलांकडे बघतात. शेवटी मालकानं पैसे गल्ल्यात टाकले, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे जमा. कवा तरी येऊन खावा."

पण कवा आणि कुणी? मी एकट्यानं जाऊन खाल्लं तर परत आलेले पैसे माझे होते असा अर्थ होतो, म्हणजे त्या दिवशीचं बिल दाजींनी दिलं. दाजींचंही हेच. दोघांनी मिळून जावं, तर त्या दिवशी नवं बिल व्हायचं. मिसळ खायची इच्छा झाली की मी आता दुसऱ्या पेठेत जातो. तिथला कट गोडसर आहे, पण इलाज नाही.

परवा तर कहर झाला. त्या हॉटेलासमोरून चाललो होतो, तर मालक दारातून हाक मारायला लागला, "ओ साहेब! तुमचं पैसं हाईत!" मी मान खाली घालून पाय उचलला. त्याचा पोऱ्या मागं धावला. उधारी थकवलेला माणूस पळतो तसा मी बोळाबोळातून पळालो. ओळखीच्या दोघांनी बघितलंही. आता पेठेत माझ्याबद्दल काय बोलतात ते विचारायची सोय नाही.

काल संध्याकाळी ही भिशीहून उशिरा आली. भिशी तिची आणि ताईची एकच. पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "मिसळ बरी होती. कट जरा पातळ वाटला."

"कुठली मिसळ?"

"तुमचे जमा होते ना तिथं. आम्ही सहाजणी गेलो. सहा मिसळी, सहा चहा, सहाशे झाले."

मी कॅल्क्युलेटर न लावता वजाबाकी केली. "आणि वरचे चाळीस?"

तिनं शेवेचा पुडा टेबलावर ठेवला. निम्मा होता. निम्मा ताईनं नेला होता.