‘सिद्धराम’ आणि ‘मल्लिकार्जुन’ या नावांविषयी खुलासा

सोलापुरात सध्या मोबाईलवर एक संदेश फिरतो आहे. ‘सिद्धराम’ हे नाव अयोध्येच्या रामावरून आले, ‘मल्लिकार्जुन’ म्हणजे मल्लविद्येत निपुण असा अर्जुन, आणि दुसरे नाव पहिल्याच्या दुपटीने ठेवले जाते, असे त्यात म्हटले आहे. त्यातील पहिले दोन दावे चुकीचे असून तिसरा निराधार आहे.

सोलापूर परिसरात ‘सिद्धराम’ हे नाव ठेवले जाते ते बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या श्रद्धेने. सोन्नलिगे हे त्यांचे गाव म्हणजेच आजचे सोलापूर. ‘मल्लिकार्जुन’ या नावात मल्ल नव्हे, मल्लिका, म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल, आहे; ‘मल्ल’ आणि ‘अर्जुन’ यांचा संधी केल्यास ‘मल्लार्जुन’ होईल, हे शाळकरी मुलालाही कळावे. मोगऱ्याने पूजिलेला तो मल्लिकार्जुन, असा पारंपरिक अर्थ असून हे आंध्र प्रदेशातील श्रीशैलच्या ज्योतिर्लिंगाचे नाव आहे. सिद्धरामेश्वर त्याच श्रीशैलच्या मल्लय्याचे, म्हणजे मल्लिकार्जुनाचे, भक्त होते आणि त्यांच्या कन्नड वचनांची (छोट्या भक्तिपर रचनांची) नाममुद्राही, म्हणजे रचनेत कवीची ओळख म्हणून येणारे नावही, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ असेच आहे, त्यामुळे या दोन नावांत चढाओढ लावणे मुळातच विचित्र वाटते.

दुपटीचा आकडा कोणत्या जन्मनोंदींवरून काढला, हे संदेशात कुठेही नाही. ‘मल्लिकार्जुन’ कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातही सर्रास आढळते (गायक मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे), तर ‘सिद्धराम’ मुख्यतः सोलापूर आणि लगतच्या कन्नड मुलखात ऐकू येते.